फवारणीचं औषध विहिरीत, ओढ्यात जाऊ नये म्हणून काय काय करायचं

औषधानं पाणी खराब होतं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फवारणी चालू असलेलं रान येतं, पण बरीचशी गडबड होते विहिरीच्या काठावर, बोअरपाशी, हौदाजवळ, म्हणजे आपण सकाळी जिथं पंप भरतो आणि संध्याकाळी जिथं धुतो तिथं. रानात मारलेलं औषध पातळ केलेलं असतं, एकरभर पसरलेलं असतं, ऊन आणि मातीतले जंतू त्याला हळूहळू मोडतात तरी. विहिरीपाशी सांडतं ते बाटलीतलं कडक औषध, तेही एकाच जागी, दरवर्षी त्याच जागी, आणि खाली वीसतीस फुटांवर पाणी. म्हणून खाली बरंच लिहिलंय पण त्यातली एकच गोष्ट करायची म्हटली तर ही करा, भरायची आणि धुवायची जागा पाण्यापासून लांब न्या.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या बाजूची. इकडं काळ्या रानात ज्वारी, तिला फारसं काही मारावं लागत नाही, पण डाळिंबाला तेल्या रोग आणि द्राक्षाला डाऊनी-भुरीची बुरशी म्हटलं की पावसाळ्यात आणि ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या थांबतच नाहीत. म्हणजे हंगामात आठवड्यातनं दोनदा-तीनदा पंप भरणार आणि तेवढ्याच वेळा धुणार. त्यात आपल्या जिल्ह्यात पाऊस वर्षाला पाच-साडेपाचशे मिलिमीटर, जे काही पाणी आहे ते विहिरीत, बोअरात, शेततळ्यात साठवलेलं, आणि वस्तीवर प्यायला, जनावरांना, स्वयंपाकाला तेच. ओढ्यात गेलेलं तिथंच राहतं असंही नाही, आमचा ओढा माण नदीला जातो, माण भीमेला मिळते आणि पुढं टाकळीला सोलापूर शहरासाठी भीमेतनं पाणी उचलतात. वरच्या अंगाला माळशिरस-माढ्याकडचे ओढे पंढरपूरच्या आधी भीमेला मिळतात, आषाढीला त्याच चंद्रभागेत लाखो माणसं आंघोळ करतात, तीर्थ म्हणून ओंजळभर पितात.

किती औषध पुरतं?

हा हिशेब एकदा वहीवर करून बघा. २० फूट व्यासाची विहीर, त्यात २० फूट पाणी, म्हणजे साधारण पावणेदोन लाख लिटर झालं. ॲट्राझीन आपण मक्यात आणि उसात तणासाठी मारतो, पिण्याच्या पाण्यात ते किती चालतं याची मर्यादा भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या २०१२ च्या मानकात लिटरला २ मायक्रोग्रॅम दिलीय. दुकानात मिळते ती पावडर ५० टक्क्यांची. आता मांडा गणित, त्या अख्ख्या विहिरीत पाऊण ग्रॅम पावडर नीट मिसळली की पाणी मर्यादेला टेकलं. पाऊण ग्रॅम म्हणजे चिमूटभर, पाकीट फाडताना वाऱ्यानं उडते तेवढी. क्लोरपायरीफॉसची मर्यादा ३० मायक्रोग्रॅम आहे, २० टक्के ईसीचं, म्हणजे पाण्यात दुधासारखं मिसळणारं तेलकट औषध, धरलं तर पंचवीस-तीस मिली झालं, म्हणजे बाटलीची एक-दोन टोपणं. आणि ही माणसासाठीची मर्यादा, क्लोरपायरीफॉसनं काही जातींचे मासे त्याच्याही खाली मरतात, ज्यांनी शेततळ्यात रोहू-कटला सोडलेत त्यांनी हे नीट लक्षात ठेवा. बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण माणसाच्या पोटात गेलं तर किती विषारी हे सांगतो, माशांचं आणि पाण्यातल्या किड्यांचं त्यात काही नसतं, तेव्हा हिरवा त्रिकोण आहे म्हणून ओढ्याकाठी बिनधास्त मारू नका.

एवढ्या औषधाचा पाण्याला वास येत नाही, रंग येत नाही. ग्रामपंचायत टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते त्यानं जंतू मरतात, औषध जात नाही. तुरटीनं जात नाही, उकळून पण जात नाही. द्राक्ष एक्सपोर्टला पाठवायची तर ग्रेपनेट या सरकारी वेबसाइटवर नोंद करून फळातला रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उरलेला अंश, लॅबमधी तपासावा लागतो, पण ती द्राक्षं पिकवणाऱ्या माणसाच्या घरी माठात जे पाणी भरलंय ते कुणीच तपासत नाही, हे मला फार लागतं. म्हणून एकदा खराब झालं की स्वच्छ करू ही आशा सोडा, जाऊच द्यायचं नाही.

भरायची जागा

विहीर, बोअर, शेततळं, ओढा, कॅनॉल यांच्यापासून शंभर फूट तरी लांब, आणि उताराच्या खालच्या अंगाला. उतार कुठं जातो ते डोळ्यानं कळत नसेल तर जोराच्या पावसात छत्री घेऊन उभं राहून बघा पाणी कुठून कुठं पळतं. मुरमाड रानात जास्त जपायला पाहिजे, सांगोल्याकडं, आमच्याकडं माळाला वर वीतभर माती मग मुरूम आणि खाली फुटका खडक, पाऊस पडला की दोन दिवसात विहिरीला झरे सुटतात ना, मग त्याच वाटेनं औषध पण जातं. काळ्या रानात वेगळाच धोका, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि भेगेत सांडलेलं मातीत न थांबता सरळ खाली उतरतं, तिथं जंतूंना ते मोडायला वेळच मिळत नाही.

मग पाणी लांब कसं न्यायचं? दोन बॅरल ठेवा, एक साध्या पाण्याचं आणि एक औषध कालवायचं, रंग वेगळे ठेवा म्हणजे गड्याला सांगायला लागत नाही. विहिरीवर फक्त साध्या पाण्याचं बॅरल किंवा ट्रॉलीतली टाकी भरायची आणि रानाच्या बांधावर नेऊन तिथं औषध कालवायचं. विहिरीजवळ औषधाची बाटली उघडायचीच नाही हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कालवायची जागा गवताची असली तर चांगलं, आणि दर वेळी थोडी सरकवत रहा. पाठीवरचा बॅटरी पंप भरताना तो एखाद्या पसरट टबात किंवा आडव्या कापलेल्या अर्ध्या बॅरलमधी ठेवून भरा. तोंडाशी ओघळलेलं, मापानं सांडलेलं त्या टबात जमा होतं, थोडं पाणी घालून ते परत पंपात ओतायचं. खर्च काहीच नाही.

आणि नळी. हे जरा सविस्तर सांगते कारण मोठं नुकसान इथंच होतं. मोटर चालू आहे, नळीचं टोक ब्लोअरच्या (ट्रॅक्टरमागचं पंख्याचं फवारणी यंत्र) टाकीत खाली बुडवलंय, औषध आधीच ओतलंय म्हणजे पाण्याबरोबर आपोआप ढवळलं जाईल, आणि माणूस तंबाखू मळत बाजूला उभा आहे. तेवढ्यात लाईट गेली. आता पाइपातलं पाणी उलटं विहिरीकडं पडायला लागतं आणि पडता पडता टाकीतलं औषधाचं पाणी नळीनं ओढून घेतं. पाइपाच्या विहिरीतल्या टोकाला फूट व्हॉल्व्ह असतो, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप, तो नवा असला तर थांबवतो, पण आपले फूट व्हॉल्व्ह किती जणांचे धड आहेत? रोज सकाळी मोटरला पाणी भरून मग चालू करावी लागत असेल तर समजा तो गळतोय आणि औषधाला विहिरीत जायला वाट मोकळी आहे. उपाय दोन. नळीचं टोक टाकीच्या तोंडापासून वीतभर वर बांधून ठेवा, पाण्यात कधीच बुडू द्यायचं नाही, मधी हवा असली की ओढणार काय. आणि लाईनीत एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, बसवा, मोटर दुरुस्ती करणारा अर्ध्या तासात बसवून देतो. आणखी एक, टाकी भरत असताना तिथनं हलू नका, फोन आला तरी, ब्लोअरची टाकी भरून वाहिली तर पाचशे-सहाशे लिटरच्या कालवणातलं किती गेलं ते कळत पण नाही.

उरूच नये असं कालवा

पाणी खराब करायचं सगळ्यात सोपं निमित्त म्हणजे उरलेलं औषध. उरलं की ओतायचं कुठं? म्हणून आधी साध्या पाण्यावर माप काढा. पंपात मोजून साधं पाणी घ्या, नेहमीच्या चालीनं, नेहमीच्या नोझलनं दहा झाडं फवारा, किती लिटर संपलं ते बघा आणि बागेतल्या झाडांना गुणा. पीक वाढतं तसं हे माप बदलतं, डाळिंबाला बहार धरताना पानगळ केल्यावर झाड उघडं असतं तेव्हा आणि फळं लिंबाएवढी झाल्यावर सारखंच पाणी लागणार नाही, द्राक्षाला तर छाटणीनंतर दर पंधरवड्याला नवीन माप काढावं असं माझं मत आहे. शेवटची टाकी पूर्ण भरायची नाही, लागतं तेवढीच कालवायची. पाचदहा लिटर कमी पडलं तर परत कालवता येतं, जास्त झालेलं परत बाटलीत जात नाही.

बोर्डो, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना कालवून केलेलं बुरशीचं औषध, त्याच्या बाबतीत हे जास्तच पाळा. एक टक्क्याचा बोर्डो म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, ६०० लिटरच्या ब्लोअरला ६ किलो मोरचूद गेलं आणि त्यात दीड किलो नुसतं तांबं. बाकीची बरीच औषधं आज ना उद्या मोडतात, तांबं हे मूलद्रव्य आहे, ते मोडत नाही, मातीत आणि तळाच्या गाळात साठत राहतं, आणि पाण्यातल्या शेवाळाला, गोगलगायीला, माशाला ते वाईट. बोर्डो उरला तर दुसऱ्या दिवशी वापरता येत नाही म्हणून लोक तो ओढ्यात सोडतात, निळं पाणी वाहताना मी डोळ्यानं बघितलंय. थोडा थोडा कालवा, ताजा वापरा. आणि खिळ्याची परीक्षा चुकवू नका, चकचकीत घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून वर काढायचा, त्यावर तांबूस थर आला म्हणजे मोकळं तांबं शिल्लक आहे, चुन्याची निवळी आणखी घाला आणि परत बघा, थर यायचा बंद होईपर्यंत. यानं पानं पण करपत नाहीत आणि पाण्यात विरघळून पळणारं तांबं पण कमी होतं.

बाटली तीनदा विसळा

हे सगळ्यांनी ऐकलंय पण का तीनदा ते कुणी सांगत नाही. १ लिटरची बाटली पालथी केली तरी आत भिंतीला, बुडाला थोडं चिकटून राहतंच, धरा १० मिली राहिलं. आता त्यात पाऊण लिटर पाणी घालून एकदाच विसळलं आणि ओतलं तर मागं राहिलेल्या १० मिलीत औषध साधारण ७६ पट पातळ झालं. तेच पाऊण लिटर पाणी पाव-पाव लिटर करून तीनदा वापरलं तर दर वेळी २६ पट, आणि २६ गुणिले २६ गुणिले २६ म्हणजे साडेसतरा हजार पटीच्या वर पातळ. पाणी तेवढंच, मेहनत दोन मिनिटं जास्त.

करायचं असं: बाटली पंपात ओतून झाली की अर्धा मिनिट तशीच पालथी धरा, थेंब थेंब पडू दे. मग पाव भाग पाणी घाला, टोपण लावा, अर्धा मिनिट खळखळा हलवा, आडवी-उभी करून, आणि ते पाणी पंपातच ओता. ईसीचं औषध असेल तर पहिलं पाणी दुधासारखं पांढरं येतं, दुसरं ताकाच्या निवळीसारखं, तिसरं जवळपास नितळ. टोपण आणि माप पण त्यातच विसळा. हे कालवतानाच करायचं, संध्याकाळी करू म्हटलं की औषध आत वाळतं आणि विसळून सुटत नाही, आणि ते पाणी जायला पंप पण उघडा नसतो. एवढ्या महागाच्या औषधाचा शेवटचा थेंब पण पिकावर जातो हा फायदा वेगळाच.

विसळून झालं की बाटलीला सुळ्यानं दोनचार भोकं पाडा म्हणजे कुणी त्यात गोडंतेल, रॉकेल, पाणी भरणार नाही. कीटकनाशक नियम १९७१ मधी सरळ लिहिलंय की रिकामे डबे आणि धुतलेलं पाणी यांनी पाणी आणि परिसर खराब होणार नाही अशी विल्हेवाट लावायची, डबे बाहेर पडू द्यायचे नाहीत, फोडून वस्तीपासून लांब पुरायचे. पुरताना विहीर, बोअर, ओढा जवळ नको आणि पाणथळ जागा नको. दुकानदार परत घेत असेल तर पोत्यात साठवून त्याला द्या, ते सगळ्यात बरं. जाळू नका. आणि बंद पडलेल्या बोअरात टाकू नका, हे आमच्याकडं लई होतं, पाणी लागलं नाही म्हणून सोडून दिलेल्या सहाशे फुटाच्या बोअरात बाटल्या, पुड्या, उरलेलं औषध सगळं जातं आणि तो बोअर भूजलापर्यंत थेट गेलेली नळी आहे. शेजाऱ्याचा चालू बोअर त्याच खडकातनं पाणी ओढतो. रिकाम्या बोअरला आजच झाकण वेल्ड करून घ्या, लेकरांसाठी पण ते गरजेचंच आहे.

पंप आणि ब्लोअर कुठं धुवायचा

रानातच. फवारलेल्या पिकातच. फवारणी संपली की बॅटरी पंपात दीडदोन लिटर साधं पाणी घ्या, हलवा, आणि त्याच बागेत कडेच्या ओळीवर फवारून टाका, असं तीनदा. ब्लोअरवाल्यांनी वीसतीस लिटरचे दोन-तीन कॅन साधं पाणी ट्रॅक्टरवरच ठेवायचे, टाकी संपली की एक एक कॅन ओतायचा, पाणी परत टाकीत आणणारी रिटर्न लाईन चालू ठेवून टाकी आतनं धुऊ द्यायची आणि चालता चालता शेवटच्या ओळीवर मारायचं, परत दुसरा कॅन. एकाच ठिकाणी उभं राहून सोडायचं नाही, चालत राहायचं म्हणजे ते पसरतं. फिल्टरची जाळी, नोझल ब्रशनं त्याच टबात साफ करा. नोझल तोंडानं फुंकू नका. बाहेरनं चिकटलेलं पण रानातच धुवा, ब्लोअरच्या पंख्यावर, मागच्या चाकांवर बरंच औषध बसलेलं असतं आणि लोक तो तसाच आणून घरापुढच्या हापशावर किंवा वॉशिंग सेंटरला नेऊन धुतात.

हौदात पंप बुडवून भरायचा नाही, जनावरांच्या हौदात तर अजिबात नाही. फवारणीचे कपडे नदीवर, कॅनॉलवर धुवायला देऊ नका, वेगळ्या बादलीत धुवा, घरातल्या कपड्यांत मिसळू नका आणि ते पाणी परसातल्या आडाकडं जाऊ देऊ नका. हे काम घरात बाईच करते आणि बाटलीवर काय लिहिलंय ते तिला कुणी वाचून दाखवत नाही, तेवढं तरी दाखवा.

कायमची जागा करायची असेल तर बायोबेड

ज्यांच्याकडं दहा-पंधरा एकर बाग आहे, ब्लोअर रोज निघतो, त्यांनी एक खड्डा तयार करून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. स्वीडनमधी १९९३ पासून शेतकरी हे वापरतायत, त्याला बायोबेड म्हणतात. कल्पना साधी आहे, काडीकचऱ्यावर वाढणारी बुरशी रस सोडून लाकडातला कठीण भाग मोडते आणि तोच रस वापरून औषधाचे रेणू पण मोडते. तिकडं काडी, पीट (दलदलीतली कुजकी गवतमाती) आणि माती घेतात, आपल्याकडं पीट नाही तर त्याऐवजी चांगलं कुजलेलं कंपोस्ट चालतं.

दहा बाय दहा फूट, दोन फूट खोल खड्डा, विहिरीपासून लांब, पुराच्या पाण्याची पातळी येत नाही अशा जागी. तळाला आणि बाजूला शेततळ्याचा कागद अंथरायचा, भोक नसलेला तुकडा बघून घ्या. आत भरायला निम्मं बारीक केलेलं काड, म्हणजे गव्हाचं भुसकट किंवा कडब्याची कुट्टी किंवा कुट्टी केलेलं उसाचं पाचट, पाव भाग कंपोस्ट आणि पाव भाग आपल्याच रानातली वरची माती, त्यात ते जंतू आधीच असतात. हे सगळं कालवून ओलं करून महिनाभर ढिगात ठेवा आणि मग भरा, वर गवत लावा. वर पत्र्याचं छप्पर पाहिजेच, पावसाचं पाणी शिरलं तर सगळं चिंब होऊन कुजेल आणि उतू जाईल. धुतलेलं पाणी, टबातलं, जाळीचं पाणी त्यात थोडं थोडं सोडायचं, हातात माल घेतला तर ओलसर लागला पाहिजे पण पिळल्यावर पाणी गळायला नको, वर डबकं दिसलं म्हणजे तुम्ही जास्त ओतताय. काड कुजून माल खाली बसतो, दरवर्षी वर भर घाला. काही वर्षांनी माल काढला तर लगेच रानात टाकू नका, झाकून वर्षभर ढीग मारून ठेवा. कडक, न कालवलेलं औषध यात ओतायचं नाही, आणि बोर्डोचं पाणी पण नको, तांबं बुरशीलाच मारतं आणि मोडत तर नाहीच.

रानातनं वाहून जाऊ नये म्हणून

आपला पाऊस सारखा नसतो, महिना कोरडा जातो आणि उत्तरा-हस्ताला एका तासात ओढे भरून वाहतात. फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात सगळ्यात जास्त औषध वाहून जातं, तेव्हा आभाळ बघा, मोबाईलवरचा अंदाज बघा, आणि ढग भरून आलेत तर एक दिवस थांबा. औषध धुऊन गेलं की पैसे पण गेले आणि परत मारावं लागतं. तणनाशक मारल्यावर उसाला पाटपाणी दाबून देऊ नका, सरीच्या शेवटाला बांध फोडून जादा पाणी ओढ्याला सोडायची जी सवय आहे ती त्या पंधरा दिवसांत तरी मोडा. ओढ्याच्या, शेततळ्याच्या कडेला पंधरा-वीस फुटांची पट्टी मारवेल, नेपियर किंवा वाळ्याची ठेवा, तिच्यावर काही मारायचं नाही. क्लोरपायरीफॉस, सायपरमेथ्रीन असली औषधं मातीच्या कणांना चिकटून जातात, गवतानं माती अडवली की ती पण अडतात. जनावराला वैरण होते ते वेगळं, फक्त फवारणीनंतर लगेच कापून घालू नका. वारा ओढ्याकडं असेल तर त्या कडेच्या ओळी दुसऱ्या दिवशी मारा.

आता बोअर रिचार्ज, म्हणजे पावसाचं पाणी बोअरात मुरवणं. भलं काम आहे, दुष्काळी भागात पाहिजेच, पण फवारलेल्या बागेतलं वाहतं पाणी थेट बोअरात सोडू नका. खडी-वाळूचा खड्डा गाळ अडवतो, पाण्यात विरघळलेलं औषध अडवत नाही. रिचार्जला घराच्या पत्र्याचं, पडीक माळाचं पाणी घ्या. विहिरीचा काठ पण भोवतालच्या रानापेक्षा फूट-दोन फूट उंच पाहिजे आणि बोअरची केसिंग जमिनीच्या वर, भोवती सिमेंटचा ओटा, म्हणजे पावसाचं पाणी लोंढ्यानं आत पडत नाही.

ठिबकमधून औषध सोडणाऱ्यांनी व्हेंचुरीच्या (औषध लाईनीत ओढून घेणारी जोडणी) आधी मोटरच्या बाजूला एनआरव्ही बसवल्याशिवाय सोडूच नये, लाईट जायची गोष्ट वर सांगितलीच आहे. आधी थोडा वेळ साधं पाणी, मग औषध, मग परत पंधरा-वीस मिनिटं साधं, एवढंच. मर रोगासाठी आळवणी करताना, म्हणजे मुळाशी औषध ओतताना, ते वाफशावर (ओल आहे पण चिखल नाही तेव्हा) करा आणि त्याच्या मागोमाग चार तास पाणी सोडू नका, मुरमात ते मुळाच्या खाली निघून जातं, झाडाला काही मिळत नाही. कुठलं औषध कधी आणि किती यासाठी केगावला आपलं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, मोहोळला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं विचारा. दुकानदार चार औषधं एकत्र कालवायला सांगतो तेव्हा त्यातली दोन बहुतेक नको असतात, आणि न मारलेलं औषध पाण्यात जात नाही.

साठवण

मोटरच्या खोलीत औषधं ठेवू नका, ती खोली विहिरीला लागून असते. २०२० च्या ऑक्टोबरात भीमेला पूर आला तेव्हा काठच्या कितीतरी खोल्यांत पाणी शिरलं, तिथं फळीवर काय काय असेल याचा विचार करा. उंच जागी, कुलपात, जमिनीपासून वर फळीवर, पावडरची पाकिटं वरच्या फळीवर आणि बाटल्या खाली म्हणजे गळलं तरी पावडर भिजत नाही. जवळ एका पोत्यात कोरडी वाळू किंवा भुसकट ठेवा. सांडलं तर पाणी मारून धुवायचं नाही, धुतलं की ते गटारीनं ओढ्यालाच जाणार, भुसकट टाकून शोषू द्या, हातमोजे घालून खरडून झाकणाच्या बादलीत भरा. जुनी, बंदी आलेली औषधं घरात पडून असतील, एन्डोसल्फानवर २०११ ला बंदी आली, फोरेट २०२० अखेर बंद झालं, तर ती विहिरीत, उकिरड्यावर, बोअरात टाकू नका आणि 'संपवायची' म्हणून मारू पण नका. मूळ डब्यासकट मोठ्या झाकणाच्या ड्रममधी बंद करून कुलपात ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याला लेखी कळवा, चारपाच जणांनी मिळून कळवलं तर दखल घेतली जाते.

आणि विहिरीत पडलंच तर

बाटली विहिरीत पडली, टाकी उलटी ओढली गेली, असं काही झालं तर घरातल्यांच्या भीतीनं लपवू नका, मजूर असेल तर त्याच्यावर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. लगेच मोटर बंद करून स्टार्टरचा फ्यूज काढून ठेवा म्हणजे दुसरं कुणी चालू करणार नाही. वस्तीवरच्या सगळ्या घरांना सांगा, भरलेले माठ, हंडे, जनावरांचा हौद रिकामा करा, पण ते पाणी ओढ्यात नाही, पडीक रानात पसरून. बाटली बंद टोपणाची तरंगत असेल तर जाळीनं काढा, माणूस आत उतरवू नका. लेबल किंवा दुसरी तसलीच बाटली जपून ठेवा, कुठलं औषध ते कळल्याशिवाय लॅबला काय शोधायचं ते कळत नाही. विहीर उपसून ओढ्याला सोडायची घाई करू नका, खालच्या वस्त्यांचं पाणी त्यानं जातं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला आणि ग्रामसेवकाला (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) कळवा, नमुना कुठं पाठवायचा ते त्यांच्याकडनं ठरवून घ्या, गावात जे फील्ड टेस्ट किट असतं त्यावर औषध कळत नाही, त्याला मोठ्या लॅबचीच तपासणी लागते. रिपोर्ट येईपर्यंत टँकर किंवा शेजारच्या विहिरीचं पाणी प्या, ते पण तुमच्या विहिरीच्या उताराला नसेल असं बघून.